मिनेसोटात नव्याने आलात? पाण्याची वाट धरून पहिलं वर्ष असं काढा

मिनेसोटात येऊन तीन-चार वर्षं झालेली मराठी कुटुंबं मला वरचेवर भेटतात. ऑफिस, घर, किराणा, मुलांचे क्लास आणि सणासुदीला देऊळ, एवढाच त्यांचा मिनेसोटा असतो. 'बाकी काय, सहा महिने थंडी,' असं म्हणून विषय संपतो. मला याचं फार वाईट वाटतं. म्हणून नव्याने येणाऱ्यांसाठी पहिल्या वर्षाचा हा क्रम लिहिते आहे. हे राज्य पाण्याने घडवलं आहे. पाणी कुठून येतं, कुठे जातं, ते कुणाचं होतं आणि त्यावर कोण जगलं, हे धरून चाललात तर भूगोल आणि इतिहास वेगळा पाठ करावा लागत नाही.

आधी नकाशा पसरा

फोनवरचा नाही, कागदी. हमरस्त्यावरच्या प्रवासी माहिती केंद्रात राज्याचा नकाशा फुकट मिळतो. जेवणाच्या टेबलावर पसरून घरातल्या सगळ्यांनी एकदा नीट बघा.

क्षेत्रफळ सव्वादोन लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास पाऊणपट. लोकसंख्या २०२०च्या जनगणनेत ५७ लाख, आणि त्यातले निम्म्याहून जास्त लोक मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत आणि त्यांच्या उपनगरांत. उरलेलं राज्य किती मोकळं असेल याचा अंदाज येईल.

नाव इथल्या मूळ रहिवासी डकोटा लोकांच्या भाषेतलं. 'म्नी' म्हणजे पाणी, आणि 'म्नी सोता' म्हणजे ढगाळ किंवा आभाळाचं प्रतिबिंब धरणारं पाणी. हे एकदा कळलं की पाट्या वाचता येतात. मिनेटोन्का म्हणजे मोठं पाणी. मिनेहाहा हा धबधबा. मिनियापोलिसमध्ये डकोटा 'म्नी'ला ग्रीक 'पोलिस' जोडला आहे.

गाड्यांच्या नंबरपाट्यांवर 'दहा हजार तळी' लिहिलेलं दिसेल. दहा एकरांहून मोठी तळी मोजली तर आकडा ११,८४२ भरतो. हिमयुगातल्या बर्फाच्या थरांनी जमीन खरवडली, मागे सरताना खळगे ठेवले, त्यांत पाणी साठलं. आग्नेय कोपरा मात्र शेवटच्या हिमयुगात त्यातून सुटला, म्हणून तिथे तळ्यांऐवजी कडे आणि खोल दऱ्या आहेत. त्याच बाजूला रॉचेस्टर आहे. १८८३ साली तिथे भीषण चक्रीवादळ (टॉर्नेडो) झालं, जखमींची सोय करताना हाल झाले, आणि त्यातून फ्रान्सिस्कन जोगिणींनी १८८९ मध्ये रुग्णालय उभं केलं. आजचं मेयो क्लिनिक तिथूनच वाढलं.

आता नकाशावर उत्तरेला हिबिंग शोधा. त्याच्या जवळ एक उंचवटा आहे. तिथे पडलेल्या पावसाचं पाणी तीन दिशांना जातं: उत्तरेला हडसनच्या उपसागराकडे, पूर्वेला सरोवरांतून अटलांटिककडे आणि दक्षिणेला मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखाताकडे. महाबळेश्वरच्या एकाच डोंगरावरून सावित्री अरबी समुद्राकडे आणि कृष्णा बंगालच्या उपसागराकडे जाते, हे लहानपणी शिकलेल्यांना यातली गंमत लगेच कळेल.

कागदपत्रं आणि थंडी, या क्रमाने

राहायला आल्यापासून ६० दिवसांत मिनेसोटाचा वाहन परवाना काढायचा आणि दुसऱ्या राज्यातून आणलेली गाडीही नोंदवायची. परीक्षेची पुस्तिका वाचून जा. कपड्यांवर आणि शिजवायच्या किराण्यावर इथे विक्रीकर नाही, तेव्हा थंडीचे कपडे बाहेरून भरून आणू नका, इथेच घ्या. आणि महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी एक वाजता भोंगे वाजले तर घाबरू नका. ती चक्रीवादळाच्या इशाऱ्याची चाचणी असते. आकाश काळंहिरवं झालं असताना ते वाजले, तर मात्र लगेच तळघरात उतरायचं.

थंडीबद्दल सरळ सांगते. २ फेब्रुवारी १९९६ला टॉवर नावाच्या गावात उणे ५१ सेल्सियस नोंदलं गेलं. तेवढं रोज नसतं, पण शहरातही उणे २५चे दिवस येतात. एकच जाडजूड जाकीट घालून भागत नाही. अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा पातळ थर, त्यावर लोकर, त्यावर वारा अडवणारं जाकीट, असे थर घाला. सुती बनियन नको, ती ओली राहते आणि गारठवते. बुटांवर पैसे वाचवू नका. हातमोज्यांत बोटं एकत्र असलेले जास्त ऊबदार असतात. हवामानाच्या बातमीत तापमानाइतकंच वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीच्या आकड्याकडे लक्ष द्या, कारण कानाची पाळी आणि नाकाचा शेंडा त्या आकड्याने गोठतात. गाडीत जुनं ब्लँकेट, टॉर्च, फावडं आणि सुका खाऊ ठेवा. वादळात अडकलात तर गाडी सोडून चालायला लागू नका.

रस्त्यावर गाडी लावत असाल तर 'स्नो इमर्जन्सी', म्हणजे भरपूर हिम पडल्यावर रस्ते साफ करण्यासाठी शहराने लावलेली पार्किंगबंदी, हा शब्द पक्का लक्षात ठेवा. मिनियापोलिसमध्ये पहिल्या रात्री मुख्य रस्ते मोकळे करतात, दुसऱ्या दिवशी इतर रस्त्यांची सम क्रमांकांच्या घरांची बाजू, तिसऱ्या दिवशी विषम. सेंट पॉलचे नियम वेगळे. माझी गाडी पहिल्याच हिवाळ्यात उचलून नेली होती. उणे १८मध्ये मुलाला कडेवर घेऊन ती सोडवायला गेले, तेव्हापासून शहराचा फोनवर येणारा इशारा मी कधीही चुकवला नाही. तुम्हीही आल्या आठवड्यातच तो सुरू करून घ्या.

गोठलेल्या तळ्यावर लोक चालतात, झोपड्या उभारून भोकातून मासे धरतात, गाड्यासुद्धा नेतात. तुम्हीही जा, पण नवा, स्वच्छ बर्फ किमान चार इंच असल्याशिवाय पाय ठेवू नका. वर हिम साठलेला पांढुरका बर्फ त्याहून कच्चा असतो, आणि ओढ्याच्या तोंडाशी बर्फ नेहमी पातळ. बाजूच्या आमिष विकणाऱ्या दुकानात विचारलं की ते आनंदाने सांगतात.

पहिला शनिवार: धबधबा आणि पिठाच्या गिरण्या

मिनियापोलिसच्या मध्यावर मिसिसिपीवर सेंट अँथनीचा धबधबा आहे. डकोटा नाव ओवाम्नियोम्नी. पाहिल्यावर थोडी निराशा होईल, कारण आज तो काँक्रीटच्या उतारासारखा दिसतो. १८६९ मध्ये पाण्याखालून खोदलेला एक बोगदा ढासळला आणि धबधबाच कोसळून जाण्याची वेळ आली. तो वाचवायला बांध आणि उतार घातले गेले. एवढी धडपड केली, कारण सगळ्या गिरण्या त्याच पाण्यावर चालत होत्या.

रेड नदीच्या खोऱ्यात वसंतात पेरलेला कडक गहू पिकतो. दळला की त्याचा कोंडा बारीक तुटून पिठात मिसळे आणि पीठ काळपट दिसे. मग रवाळ भाग हवेच्या झोताने पाखडून कोंडा वेगळा करणारी यंत्रं आली, आणि त्याच गव्हाचा पांढरा शुभ्र मैदा निघू लागला. १८८० ते १९३० या काळात अमेरिकेत सर्वांत जास्त पीठ या शहरात निघत होतं. त्याची किंमतही लोकांनी मोजली. २ मे १८७८ला वॉशबर्न गिरणीत हवेत तरंगणाऱ्या पिठाच्या धुळीने पेट घेतला आणि स्फोटात १८ माणसं गेली. गिरणी पुन्हा बांधली, १९९१ मध्ये ती जळाली, आणि तिच्या अवशेषांतच आज संग्रहालय आहे. मुलांना तिथे नक्की न्या. मग १८८३च्या दगडी कमानींच्या रेल्वेपुलावरून चालत नदी ओलांडा. आता तो पायी चालणाऱ्यांचा आणि सायकलींचा आहे.

गव्हाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. नॉर्मन बोरलॉग याच शहरातल्या मिनेसोटा विद्यापीठात शिकले आणि १९४२ मध्ये इथेच त्यांनी डॉक्टरेट मिळवली. आपल्या देशातल्या हरितक्रांतीचा गहू त्यांच्या मेक्सिकोतल्या कामातून आला. विद्यापीठात दक्षिण आशियावरचं एक स्वतंत्र ग्रंथालयही आहे, एम्स यांच्या नावाचं. अभ्यासाची आवड असेल तर त्याची चौकशी करा.

दुसरा शनिवार: दोन नद्यांचा संगम

या जागेला वेळ द्या, घाई करू नका. विमानतळाच्या अगदी शेजारी मिनेसोटा नदी मिसिसिपीला मिळते. डकोटा लोक या संगमाला 'ब्डोटे' म्हणतात, आणि त्यांच्यातल्या अनेकांसाठी ही उत्पत्तीची जागा आहे. वरच्या कड्यावर फोर्ट स्नेलिंग हा जुना किल्ला आहे.

या किल्ल्यात १८३०च्या दशकात ड्रेड स्कॉट हा गुलाम आपल्या मालकाबरोबर राहत होता. गुलामगिरी निषिद्ध असलेल्या प्रदेशात राहिलो म्हणून मी मुक्त आहे, असं सांगत तो पुढे न्यायालयात गेला. १८५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला आणि देश यादवी युद्धाच्या आणखी जवळ गेला.

दुसरा इतिहास याहून जवळचा. १८५१च्या करारांनी डकोटांची जवळजवळ सगळी जमीन गेली आणि मिनेसोटा नदीकाठची एक पट्टी उरली. ११ मे १८५८ला मिनेसोटा देशातलं ३२वं राज्य झालं. १८६२ मध्ये कराराचे पैसे वेळेवर आले नाहीत, व्यापाऱ्यांनी उधारी बंद केली, घराघरांत उपासमार सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये युद्ध पेटलं. त्यात वसाहतीतले शेकडो लोक मारले गेले. सहा आठवड्यांत युद्ध संपलं. काही मिनिटांत उरकलेल्या खटल्यांतून ३०३ जणांना देहदंड सुनावला गेला. अध्यक्ष लिंकन यांनी यादी तपासून बहुतेकांची नावं काढली. तरीही २६ डिसेंबर १८६२ला मॅन्केटो गावात ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं. अमेरिकेच्या इतिहासात एका दिवसात एवढ्या लोकांना फाशी दुसऱ्यांदा कधी झालेली नाही. बायका, मुलं आणि म्हातारी माणसं, सुमारे सोळाशे जण, तो हिवाळा याच किल्ल्याखाली नदीकाठच्या छावणीत होते. बरेच जण तिथेच दगावले. उरलेल्यांना पुढच्या वर्षी राज्याबाहेर हाकललं.

आपण या जमिनीवर घर घेतो, मुलांना वाढवतो. तेव्हा ही माहिती असणं मला आवश्यक वाटतं. डकोटा लोक इथे आजही आहेत. राज्यात ११ आदिवासी राष्ट्रं आहेत, चार डकोटा आणि सात ओजिब्वे. शहरातल्या मोठ्या तळ्याचं 'कॅल्हून' हे नाव जाऊन 'ब्डे माका स्का' हे जुनं नाव परत आलं, ते या लोकांनी प्रयत्न केले म्हणून. ते नाव नीट उच्चारायला शिका.

सेंट पॉलमधून जाणाऱ्या ९४ क्रमांकाच्या महामार्गाखाली रोंडो ही कृष्णवर्णीयांची भरलेली वस्ती गेली, हेही माहीत असू द्या. आणि मिनियापोलिसमधला अडतिसावा रस्ता आणि शिकागो अव्हेन्यूचा चौक, जिथे २५ मे २०२०ला जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या हातून खून झाला, तिथे फोटो काढायच्या विचाराने जाऊ नका. तिथे अनेकांचं दुःख आहे.

ऑगस्टअखेर: मनूमिन

ओजिब्वे लोकांच्या कथेत पूर्वजांना सांगितलं गेलं होतं की पाण्यावर अन्न उगवतं तिथे थांबा. ते अन्न म्हणजे मनूमिन, बाजारातलं नाव वाइल्ड राइस. उथळ तळ्यांत आपोआप वाढणारं हे गवतवर्गी धान्य आपल्या भातापेक्षा वेगळं आहे.

कापणी पाहायला मिळाली तर सोडू नका. एका होडीत दोघं. एक जण लांब काठीने होडी रेटतो. दुसऱ्याच्या हातांत दोन हलक्या लाकडी काठ्या. एका काठीने ताटं होडीवर वाकवायची, दुसरीने हलकेच टिपरी मारायची. पिकलेले दाणे होडीत पडतात, काही पाण्यात, ते पुढच्या वर्षाचं बी. न पिकलेले ताटालाच राहतात, त्यांच्यासाठी काही दिवसांनी परत यायचं. मग कढईत भाजायचं, मऊ चामडी जोडे घालून पायाने तुडवायचं आणि बर्चच्या सालीच्या पसरट भांड्यातून वाऱ्यावर पाखडायचं. ते भांडं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आजीचं सूप आठवलं. मनगटाचा झटकाही तोच, तूस उडण्याचा आवाजही तोच.

विकत घेताना पाकीट नीट वाचा. शेतात लावलेलं काळंकुट्ट, चकचकीत असतं आणि शिजायला तासभर घेतं. तळ्यावर हाताने काढलेलं तपकिरी, फिकट, वीस मिनिटांत फुलतं. महाग असतं, पण तेच घ्या, आणि जमलं तर ओजिब्वे विक्रेत्यांकडून. मी तुपावर जिरं, मिरी आणि मटार घालून करते. भाजल्याचा धुरकट वास राहतो, म्हणून गरम मसाला घालू नका, तो वास मरतो.

करार हा इथे जुना कागद नाही. १८३७च्या करारात राखलेला शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क मिल लॅक्सच्या ओजिब्वे लोकांना आजही आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये मान्य केलं.

उत्तरेची सहल: डुलुथ आणि लोखंड

इथले लोक 'अप नॉर्थ' म्हणतात तेव्हा त्यांचा चेहरा खुलतो. ३५ क्रमांकाच्या रस्त्याने अडीच तासांत डुलुथ येतं. शेवटच्या उतारावर एकदम लेक सुपीरियर दिसतं, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो समुद्रच वाटतो. बंदराच्या तोंडाशी वर उचलला जाणारा लोखंडी पूल आहे. जहाज आलं की भोंगा वाजतो, पूल भोंग्याने उत्तर देतो आणि अख्खा वर सरकतो.

जहाजांत भरलेलं असतं लोखंडाचं खनिज. तासाभराच्या अंतरावर मेसाबी ही लोहपट्टी आहे. हिबिंगची खाण तीन मैलांहून लांब आहे, आणि गावाखालीच लोखंड सापडल्यावर १९१९ पासून गाव उचलून दुसरीकडे नेलं. गायक बॉब डिलन याच गावात वाढले. फिनिश, इटालियन, स्लोव्हेनियन, क्रोएशियन कामगार इथे आले, म्हणून या भागात सौना, म्हणजे गरम वाफेच्या खोल्या, आहेत आणि अक्रोड भरलेली पोटिका ही गुंडाळी मिळते. ती नक्की चाखा.

डुलुथहून किनाऱ्याने ६१ क्रमांकाचा रस्ता धरा, गूसबेरीचा धबधबा आणि स्प्लिट रॉकचं दीपगृह बघा. १० नोव्हेंबर १९७५ला या सरोवरातल्या वादळात एडमंड फिट्झजेराल्ड हे जहाज २९ जणांसह बुडालं. दर वर्षी त्या तारखेला इथे त्यांची नावं वाचतात आणि दिवा लावतात.

माणसं

जर्मन, नॉर्वेजियन आणि स्वीडिश स्थलांतरितांनी हे राज्य वसवलं असं ऐकाल. पण आजचं सेंट पॉल ह्माँग लोकांशिवाय समजत नाही. लाओसमधल्या युद्धानंतर, १९७५ पासून ते इथे आले. त्यांच्या बाजारात कारली, झणझणीत मिरच्या, कोथिंबिरीच्या ताज्या जुड्या मिळतात. मिनियापोलिसच्या सीडर-रिव्हरसाइड भागात सोमाली वस्ती आहे. त्यांचा सांबुसा खाल्लात तर समोशाचा भाऊ भेटल्यासारखं वाटेल.

सांगली-सातारा-कोल्हापूरकडच्या वाचकांसाठी खास: वायव्येला रेड नदीच्या खोऱ्यात बिटापासून साखर होते, आणि अमेरिकन क्रिस्टल शुगर ही कंपनी १९७३ मध्ये शेतकऱ्यांनीच विकत घेऊन सहकारी केली. ऑक्टोबरात रात्रंदिवस बीट निघतं, उघड्यावर डोंगर रचतात आणि थंडीत ते गोठून टिकतं. गळीत हंगाम म्हणजे काय ते माहीत असलेल्या माणसाने तो एकदा पाहावाच. लँड ओ'लेक्स या दूध-लोण्याच्या कंपनीची सुरुवातही १९२१ मध्ये इथल्या सहकारी लोणी संघांतून झाली.

ऑगस्टअखेर बारा दिवस सेंट पॉलजवळ राज्याची जत्रा भरते. काचेच्या थंड खोलीत एक शिल्पकार गरम कपडे घालून ९० पौंडी लोण्याच्या ठोकळ्यातून समोर बसलेल्या मुलीचा चेहरा कोरत असतो. शेतीच्या इमारतीत बिया चिकटवून केलेली चित्रं असतात, अगदी आपल्याकडच्या धान्याच्या रांगोळीसारखी.

शेजाऱ्याने बोलावलं तर हॉटडिश वाढतील, मांस आणि भाज्यांवर बटाट्याचे गोळे लावून भाजलेलं. शाकाहारी असाल तर आधीच सांगा. 'हे वेगळंच आहे' असं कुणी म्हणालं तर बहुधा ते आवडलेलं नसतं. खाऊ पुढे केलात आणि 'नको' म्हणाले तर आग्रह करा. तिसऱ्यांदा घेतात. हे आपल्याला शिकवायला नकोच.

शेवटी इटास्का

जून उजाडला की एक मुक्काम काढून इटास्का उद्यानात जा. जुळ्या शहरांपासून साडेतीन-चार तास. मिसिसिपीचा उगम इथे आहे. १८३२ मध्ये ओझाविंडिब या ओजिब्वे वाटाड्याने हेन्री स्कूलक्राफ्टला इथे आणलं. इटास्का हे नाव स्कूलक्राफ्टने 'सत्य' आणि 'मस्तक' या अर्थाच्या दोन लॅटिन शब्दांतली अक्षरं जोडून बनवलं. १९०३ मध्ये मेरी गिब्ज ही २४ वर्षांची मुलगी या उद्यानाची प्रमुख होती. लाकूडतोड्यांनी बांध घालून पाणी चढवलं आणि झाडं बुडायला लागली, तेव्हा ती एकटी त्यांच्यासमोर उभी राहिली. उंच लाल पाइन्स पाहताना तिची आठवण ठेवा.

सकाळी लवकर जा, नंतर गर्दी होते. पकड असलेल्या चपला घाला, दगड शेवाळलेले असतात. तळ्यातून पाणी बाहेर पडतं तिथे गुडघाभर खोली आणि दहा-बारा पावलांची रुंदी. शेजारच्या लाकडी खांबावर आखातापर्यंतचं अंतर २,५५२ मैल कोरलं आहे. आजच्या मोजणीने ते सुमारे २,३५० भरतं. इथला थेंब आखातात पोहोचायला साधारण ९० दिवस घेतो.

माझी आई वाईची, कृष्णेच्या घाटावर वाढलेली. दोन वर्षांपूर्वी ती आली तेव्हा तिचा हात धरून मी दगडांवरून पलीकडे नेत होते. मध्येच ती थांबली, वाकली, ओंजळीत पाणी घेतलं आणि डोळ्यांना लावलं. मग म्हणाली, "अगं, हेच पाणी तुझ्या त्या पिठाच्या गिरणीपाशी येतं ना?"

"हो आई, हेच."

"मग चल, तिथेही परत एकदा जाऊ."